बिब्ब्याची खूण

देवळाली कॅम्पातून साहेबांचे कपडे आले की
आबा आधी बिब्बा टोचायचे,
सुईच्या टोकानं कॉलरच्या आत खूण करायचे,
वर चुना लावायचे.
नावं त्यांना वाचता येत नसत.
आठजण एकाच तंबूतले, कॅनडाचे, विमानवाले;
म्हणून मासा, शिडी, तीन ठिपके, कोयरी,
विंचू, चूल, एक नुसतीच रेघ,
आणि सर्वांत लहान चणीच्या पोराला कुदळ.
त्याचं नाव हव्रिलुक.
आबांच्या जिभेवर त्याचं हवालदार झालं
आणि तो त्या हाकेला ओ द्यायला लागला.

एका मंगळवारी तंबू रिकामा.
कपडे अजून दारणेच्या खडकावर वाळत होते.
कुणी म्हणालं पूर्वेला गेले, कुणी म्हणालं ब्रह्मदेश.
आबांनी घड्या घालून आठ गठुडी फळीवर ठेवली.
येतील, म्हणाले.
उधारी बुडवणारी माणसं नव्हेत ती.

चार महिन्यांनी हवालदार आला,
इस्पितळाच्या निळ्या कपड्यांत, काखेत कुबडी.
आबांनी फळीकडे बोट केलं: बाकीचे?
त्याला हिंदुस्तानी पंधरा-वीस शब्द यायचे,
त्यांत हा नव्हता.

मग त्यानं इस्त्रीच्या टेबलावर चादर ओढली,
मधोमध सुरकुती पाडली. नदी.
माझ्या केसांतला आकडा काढून
तिच्यावर आडवा ठेवला. पूल.
कंदिलाची वात उतरवली.
मी आठ वर्षांची, कोळशांना वारा घालत होते.

त्यानं इस्त्री उचलली, निखाऱ्यांनी भरलेली, जड,
आणि चादरीच्या वीतभर वरून
हळूहळू नेऊ लागला.
दुसऱ्या हाताचं बोट तिच्यावर फिरत होतं:
हा इथं पुढं, हा पोटात, हा बिनतारीपाशी,
मी शेपटीत, पाठमोरा.
शेपटीतल्याला कुठं चाललोय ते दिसत नाही,
कुठून आलो तेवढंच दिसतं.
हे त्यानं कसं सांगितलं, मला सांगता येणार नाही.
पण कळलं होतं.

पुलावर आल्यावर त्यानं झाकण उघडलं
आणि फुंकर मारली.
ठिणग्या पार कौलांपर्यंत गेल्या.

खाली माणसं होती? आबांनी विचारलं.
नदीकाठी? रात्रीची?
धुणं भिजवून ठेवलेली?

त्यानं इस्त्री खाली ठेवायला हवी होती.
तो तशीच धरून उभा राहिला,
मनगट थरथरायला लागलं तरी.
मग ती एकदम टेकली. शेपटाकडनं तुटावी तशी
मूठ त्याच्या हातात, बाकीची चादरीवर.
नदी करपली.
आई आतून ओरडली, काय जळतंय?

त्यानं आठांचे पैसे दिले, कपडे नेले नाहीत.
पुढच्या आठवड्यात येऊन म्हणाला, धोना.
आबा म्हणाले, धुतलेत की.
धोना.
आबांनी वाद घातला नाही.
सहा आठवडे ते कोरे करकरीत शर्ट
आम्ही दारणेवर नेले, नीळ दिली, खळ दिली.
खडकावर मात्र आपटायचे नाहीत, आबांचा हुकूम;
जावळ काढलेल्या पोराला अंघोळ घालावी
तसे हलक्या हातानं पाण्यातून काढायचे.

बोट लागल्याचा हुकूम आला तेव्हा
त्यानं आठही गठुडी नेली.
जाताना स्वतःची कॉलर उलटून मला विचारलं,
ये क्या?
कुदळ, मी म्हणाले, आणि जमीन खणून दाखवली.
तो बराच वेळ त्या खड्ड्याकडे बघत होता.

आता लॅम रोडवर सगळी ड्रायक्लीनिंगची दुकानं.
तोफखान्याचा सराव असला
की माझ्या काचा वाजतात; सून म्हणते, पडदे लावू का?
कापड विरतं, बिब्बा जात नाही.
तिकडे कुणाच्या तरी ट्रंकेत
विंचू असेल, चूल असेल, ती नुसती रेघ,
आणि वाचणारं कुणी नसेल.

केसांतला आकडा त्यानं परत दिला नाही.
किंवा दिला असेल, मीच हरवला.
त्यासाठी आईनं मारलं होतं, तेवढं पक्कं आठवतं.